कानात असून भागत नाही

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मास्तर नंबर यायची वाट बघत बसले होते. हातात पेपर होता, पण कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे.

"लेकीचा आवाज लॅपटॉपमधून थेट यांच्या कानातल्या यंत्रात यायला हवा."

"ब्लूटूथ सुरू केलंय काकू, पण लॅपटॉपला यंत्रच सापडत नाही. चालू आहे ना?"

"सकाळपासून कानात आहे की!"

"कानात असून भागत नाही. बघू जरा... अहो, हे बंद आहे! केलं चालू. हं, आलं नाव. जमली जोडी! घाला काका."

"सुटले बाई."

"बॅटरी भरलेली दाखवतंय. चार्ज कधी केलं होतं?"

"लेकीनं, मागच्या महिन्यात जाताना."

"वापरलं तर दोन दिवससुद्धा पुरत नाही ही."

"अहो, म्हणजे महिनाभर बंदच?"

"डोकं शांत राहायचं गं."

"आणि मान डोलवायचात ती?"

"तू थांबलीस की डोलवायचो."

"मला वाटलं, पटतंय तुम्हाला."

"बरं, आता चालू आहे. बोल."

"माझं सगळं बोलून झालंय."