वहिनीच्या हातचा चहा

परक्या शहरातल्या दवाखान्यात मराठी ऐकू आलं, तशी शिंपीणबाईंनी कान टवकारले. समोर दोन जावा बसल्या होत्या.

“जाऊबाई, खरं सांगा, चहापावडर कुठून आणता? इथली कितीही उकळा, नुसतं रंगीत पाणी!”

“आता मध्येच चहा कुठून आला?”

“मध्येच कसला? हे कामावरून येताना तुमच्याकडे चहा पितात, आणि घरी माझा कप तसाच ठेवतात. वर म्हणतात, वहिनीच्या हाताला चव आहे!”

“हाताला कसली चव गं? पावडर चांगली आहे.”

“मग दुकान सांगा की! लपवता कशाला?”

“मला कुठे ठाऊक? दर महिन्याला भाऊजीच आणून देतात. तुला नाही आणत?”

धाकटीने पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

दुकानाचं नाव शिंपीणबाईंनाही हवं होतं. ओठांवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला.