शांत डब्यातली विचारपूस

रेल्वेत शांत डबा काढणाऱ्या साहेबांनो, तुम्ही अबोल माणसांचा छळ मांडलाय! उतरेपर्यंत कुणाशी बोलायला लागू नये, एवढ्यासाठीच एक अबोल शिंपी कानात कापूस कोंबून, डोळे मिटून त्या डब्यात बसला होता. तर डब्यातल्या सेविकेने त्याला गदागदा हलवलं.

"काका, शांत वाटतंय ना?"

"वाटत होतं."

"दर स्टेशनला विचारायचा वरून हुकूम आहे. जरा मोठ्याने सांगा."

"हो बाई, शांत वाटतंय!"

"अहो, ओरडताय काय? शांत डबा आहे हा! चला, दंड म्हणून बोलक्या डब्यात."

"तिथे काय करू?"

"सगळ्यांशी ओळख करून घ्यायची."

शिंपी ताडकन उठला.

"बोलवा तुमच्या साहेबांना! गप्प बसायचं तर माणसाने किती बोलायचं? त्यांच्याच तोंडून उत्तर हवंय मला!"