ओरडलो तरी सोडू नका

हॅलो?… हां स्नेहलताई, मी प्रतिभा… आवाज कसला म्हणून काय सांगू! गोठ्यात आबांना पाडलंय!… पडले नाय, पाडलंय! नाल ठोकायला बैल पाडत्यात तसं. हातपाय कासऱ्यानं बांधून. गडी भिका छातीवर बसलाय, दुसऱ्या गड्यानं, बहिरूनं, डोकं धरलंय…

अहो, तुमच्या बापानंच सांगितलं! डोळ्यातल्या त्या पांढऱ्या गाठीला घोड्याचा केस बांधायचा. चाळीस वर्षं बैलांच्या चामखिळी अशाच पाडल्या म्हणे, ही तर एवढीशी… वर बजावलं, "ओरडलो तरी सोडू नका." आता सोडा सोडा म्हणून टाहो फोडत्यात, तर हे दोघं सोडंनात!

काय?… परवा तुमच्या दवाखान्यात तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट?… कॅन्सर?… थांबा, जोरात बोला… काय सापडलं? चामखिळीच्या जातीचा वायरस?… मग आबा बरोबरच म्हणत व्हते की!… नाय?… हां… हां… त्यातल्या काही वायरसनं नुसती चामखीळ, काहींनी कॅन्सर… उन्हानंबी व्हतो… नक्की कशानं ते सांगता येत नाय. बरं. आन् गाठ ओढली तर?… मुळं आत राहणार… डोळा जाईल?… जीवबी?

ए भिका, ऊठ! कॅन्सर हाय तो! ऊठ म्हणते ना!… ऐकंना, ताई. म्हणतोय, मालकाचा शब्द हाय… बहिरू, केस ओढू नको! नको!… रगत आलं, ताई! लई रगत!…

फोन गव्हाणीत ठेवते. थांबा.

…

हॅलो?… हां, मीच. मारलं. खुंट्यानं, भिकाच्या मनगटावर. मोडलं असंल, मोडू दे… बहिरू पळाला.

केस? लोंबतोय अजून… नाय, हात लावत नाय… दाबायचं नाय, बरं… वाटी उपडी ठिवून वरनं फडकं… बांधलं.

दिसतंय का?… दुसऱ्या डोळ्याचं नाय, ह्याचंच बघितलं, फडकं बांधायच्या आधी. आबा, किती बोटं, म्हटलं. तीन म्हणाले… नाय ताई. दोनच व्हती.

आमचे हे आत्ताच शेतातनं आले, टेम्पो लावत्यात. बेल्ह्यातनं थेट तुमच्याकडं… गाठ पुरी निघंल ना?… काढून बघितल्यावर कळंल. बरं.

पायाचा कासरा सोडला. हाताचा सोडाया गेले तर आबा म्हणत्यात, राहू दे, वाटेत मीच हात घालीन डोळ्याला… काय आबा?… अगं बाई.

म्हणत्यात, ओरडलो तरी सोडू नको.

नाय सोडत, ताई. ठेवते.