गरुडाचा मुकुट राहिलाय

बोग्ना : मग त्या नन्स कुठल्या मठातल्या, तेवढं तरी सांग. वर्षभर माझ्या घरात बसून माझ्याच हातांनी भरतकाम केलं त्यांनी, आणि मला पत्ता नाही. आणि तो केकचा डबा रेशमावर ठेवू नकोस.

झेमोविट : हळू बोल ना बोग्ना. बाबा जिना चढतायत.

बोग्ना : चढू देत. त्यांनाही ऐकू दे. पत्रिकेत छापलंय, 'बटालियनचे नवे निशाण मठातील भगिनींनी भरले.' हे तू लिहिलंस ना?

झेमोविट : समितीनं लिहिलं.

बोग्ना : समितीत तू आहेस.

झेमोविट : म्हणून तर. माझ्या बढतीचं याच महिन्यात ठरतंय. मेजरसाहेबांनी बहिणीला काम मिळवून दिलं, एवढं कुणी कुजबुजलं की माझं संपलं.

बोग्ना : तू मिळवून दिलंस? नमुने नावाशिवाय मागवले होते. माझा गरुड निवडलात तेव्हा तो कुणाचा आहे, हे तुला तरी माहीत होतं का?

झेमोविट : नव्हतं. पण लोकांना कोण समजावत बसणार? उद्या बिशप, महापौर, देणगी देणारे सगळे येणार. जो तो आपल्या नावाचा चांदीचा खिळा निशाणाच्या काठीत ठोकणार. त्या गडबडीत तुझं नाव ऐकणार कोण?

बोग्ना : मी ऐकलं असतं.

वडील : कसला आरडाओरडा? खालपर्यंत ऐकू येतंय. निशाण गुंडाळलं का?

बोग्ना : नाही बाबा. गरुडाचा मुकुट राहिलाय. संध्याकाळपर्यंत होईल.

वडील : मग बसून कर. तोंड कशाला चालवतेस?

बोग्ना : आधी तुमच्या लेकाला विचारा. उद्या चौकात माझं नाव वाचणार असतील तर सुई उचलते.

वडील : नावाचं काय घेऊन बसलीस? तुझ्या आईनं कधी मागितलं नाव?

बोग्ना : आईनं काहीच मागितलं नाही. तुमच्या बदल्यांपायी कपबशा कागदात गुंडाळता गुंडाळता गेली बिचारी. मी मागतेय.

झेमोविट : जुनं उगाळू नकोस आता.

बोग्ना : तुला नकोच असणार. तू सैनिकी शाळेत निघालास तेव्हा घरात मेजवानी झाली. मला क्राकूवच्या कला अकादमीत जागा मिळाली, तेव्हा बाबा काय म्हणाले होते? उघड्यानागड्या माणसांची चित्रं काढायला ओसमोल्स्की कर्नलची मुलगी जाणार नाही. आठवतंय का, बाबा?

वडील : आठवतंय. काय चुकीचं बोललो?

बोग्ना : आणि छावणीच्या भिंतीवर मी घोडे काढले होते, ते? शाळेत जात होते मी.

वडील : सरकारी भिंत होती.

बोग्ना : चुना फासायला शिपाई होते की. तुम्ही बादली माझ्या हातात दिलीत. सगळी पलटण बघत उभी होती.

वडील : काम नीट केलं होतंस. एक डाग राहिला नव्हता.

बोग्ना : बघा. पन्नाशी उलटल्यावर तुमच्या तोंडून माझ्या कामाचं कौतुक ऐकायला मिळालं. तेही चुन्याचं.

झेमोविट : बरं, ऐक माझं. पत्रिका छापून झाल्या, त्याला इलाज नाही. पण चौकात बोलणाऱ्या माणसाला मी आत्ता फोन करतो, तुझं नाव वाचायला सांगतो. बढतीचं काय व्हायचं ते होवो. तू मुकुट तेवढा पुरा कर.

बोग्ना : माझ्यासमोर करणार फोन?

झेमोविट : हा बघ, लावतोय.

वडील : फोन ठेव.

झेमोविट : बाबा, अहो...

वडील : ठेव म्हणतो ना. बिशपच्या पाठोपाठ मी खिळा ठोकणार. आणि लगेच पुकारायचं, की याची मुलगी पैसे घेऊन शिवण करते? नन्स सेवा म्हणून करतात. ते शोभतं.

बोग्ना : म्हणजे नन्स तुमच्या डोक्यातून निघाल्या.

वडील : मग? त्याच्यात कुठली एवढी हिंमत?

बोग्ना : आणि मी मघापासून या गरिबावर तोंडसुख घेतेय.

(ती सुई डबीत टाकते, डबी बंद करते.)

झेमोविट : बोग्ना, असं नको गं करूस. जनरल येणार आहेत उद्या. मुकुट नसलेला गरुड म्हणजे कम्युनिस्टांचा गरुड, त्यांनीच देशाच्या चिन्हावरून तो मुकुट काढला होता. चौकात तसलं निशाण फडकलं तर आमची अब्रू जाईल.

बोग्ना : भगिनींना बोलावून घ्या. सेवा म्हणून करून देतील.

वडील : बोग्ना, हा हुकूम समज.

बोग्ना : मी तुमच्या फौजेत कधी नव्हतेच, बाबा. इतकी वर्षं उगाच आहे असं समजून वागले. संताप येतो मला माझाच.

वडील : अगं, पण तसल्या निशाणासमोर मी उभा कसा राहू?

बोग्ना : तुमची सगळी नोकरी त्याच बिनमुकुटाच्या गरुडासमोर झाली. उद्याही सलामीला हात आपोआप वर जाईल.