कडू मिठाचं पानी

माजं म्हायेर आपटा गावचं, नदीच्या काठाचं. तितं कसं, दारातून निंगाली का झाडीच झाडी, करवंदीच्या जाली, बाईमानसाला आडोसा सोदाया लागत नाय. आनी लगीन करून मना दिली पनवेलच्या खाडीला, मिठागरावाल्यांच्या घरात. काय सांगू तुमाला, डोल्यावरचा पदर सारून बगते तं सगलं सपाट. खाऱ्या पान्याच्या कोंड्या, बांध, मिठाचे ढीग, आनी मंग आबाल. लांब बांधावर मानूस बसला तरी कोन बसलाय ते दिसंल आसं.

आता पुडचं सांगाया लाज वाटते, पर तुमी लिवाया बसलाय तं लिवा. बायका सगल्या पाटे कालोखात जायच्या, एकसाथ, लोटे घेवून, बोलत, हासत. मना तसं चारचौघींत जमायचं नाय. सासू बाजूलाच, ती इचारायची जालं का गो, मी आदीच उटून उबी, बोलायची जालं. दिसा तं जायाचं नावच नको, मिठागरावर गडीमानसं कामाला. मंग मी पानी कमी केलं, मंग भाकर कमी केली. पोट दगडावानी जालं. मिठाची टोपली डोक्यावर घेतली का डोल्याम्होरं अंधारी आनी उमासे. आनी अंगात रगतच ऱ्हायलं नाय म्हनून का काय, म्हैन्याचं भाइर बसायचं ते पन चुकलं.

सासूनी पोटाव हात फिरवला आनी हासली. ती बाई कदी हासायची नाय हो. माज्या डोक्यावरची टोपली काढून आपल्या डोक्यावर घेतली, बोल्ली तू घरीच रव आता. मना चिच घालून जवल्याचं कालवन करून घातलं, गावभर सांगून आयली. मी आजून पोरच, मना काय ठावं, मना वाटलं मोटी मानसं बोलतात तं आसंलच. आनी मना बरं पन वाटलं, खरंच बरं वाटलं.

मंग एक दीस आसं दुकाया लागलं का मी जमिनीवर लोललीच. बैलगाडीत घालून पनवेलला दवाखान्यात नेली. दागदरानी पोट दाबून बगितलं, सासूला इचारलं हिला परसाकडं कवा जालं. सासू बोल्ली रोज जाते ना माज्यासंग. दागदर माज्याकडं बगतो, सासू बगते, भाइर बाकावरची मानसं आयकतायत. मी मान हालवली, नाय म्हनून. दागदर बोल्ला मूल नाय हो, हे सगलं साचलेलं हाय. मंग नर्सबाईनी आत नेवून मोकली केली, त्याचं मी कायेक बोलत नाय.

कंपाउंडरनी कागदात बांधून पांडरी भुकटी दिली, बोल्ला मॅग्नेशियमचं मीठ हाय, सांगितलंय तेवडंच पान्यातून घ्याचं, आनी वरून पानी भरपूर प्याचं. सासूला राग आयला, बोल्ली आमाला मीठ देता? तो बोल्ला मावशी, मीठ काडल्यावर तुमच्या कोंडीत जे कडूजार पानी उरतं त्यात हाच जिन्नस आसतो. सासूनी बोट लावून चाटलं, तोंड वाकडं केलं, पुडी कनवटीला खोचली.

मंग गाडी घराकडं निंगाली. गाव दिसाया लागलं तशी सासू बोल्ली, आता रडत उतर. मी बोल्ली का गं आय. बोल्ली रड म्हन्ते तं रड. आनी दारात उतरल्या उतरल्या तिनी सगल्यांना सांगितलं, पोर पडलं सुनेचं. तिचं पन काय चुकलं सांगा, खरं सांगितलं आसतं तं गाव आमाला हासून हासून मेलं आसतं.

बायका जमल्या. शेजारची पारू, तिची दोन तशीच गेलेली, पोटातच. ती कवा त्याचं बोलायची नाय. तिनी माजं डोकं मांडीवर घेतलं आनी आशी रडली का मना खरंच रडाया आयलं. कानात हलूच सांगितलं, दोगांची नावं ठेवलीवती मी, घरवाल्याला पन ठावं नाय. आनी ते कडू पानी, तिला वाटलं त्याचंच औशीद, तिनी आपल्या हातानी मना पाजलं. पोटात मुरडा मारत व्हता, तरी मी तिच्या मांडीवरून उटली नाय, उटायची लाज वाटली.

मंग मना तीन पोरं जाली. थोरला मुंबयला कामाला हाय, तो मॅग्नेशियाची निली बाटली आनून देतो, पोट जड वाटलं का चमचाभर घेते, पानी पिते, कोनाची चोरी नाय. घरवाल्याला बोल्ली आदी संडास बांद, कौलं मागून बदल. ती लाज तं सरली.

पारूला मूल ऱ्हायलंच नाय. दुपारी येते, उंबऱ्यावर बसते. बोलते बाकीच्यांना काय कलनार गो, तुला ठावं हाय, तुजं पन गेलंय. आनी मी मान हालवते, हो म्हनून. कितींदा वाटलं सांगून टाकावं, मंग वाटतं आख्ख्या गावात तिला बोलाया एक मानूस हाय, तो पन काडून घेऊ का मी. तिच्या डोल्याला डोला देवून बगाया मना आजून नाय जमत. देव तिला माज्यापरीस जास्ती आयुक्ष देवो. माजी धाकटी तिला आय म्हन्ते. मीच शिकवलंय.