एकशे ऐंशीचा वारा

बांधकाम परवानगीच्या खिडकीसमोर, बाकावर माझ्या शेजारी दोघे बसले होते. एक होता मागच्या वादळात उडालेलं शाळेचं छप्पर पुन्हा बांधणारा इंजिनियर. दुसरे त्याचे काका, हवामान केंद्रातून निवृत्त झालेले.

“छपराच्या हिशेबात किती वेगाचा वारा धरलायस?”

“ताशी एकशे ऐंशी. मागच्या वादळाची सरकारी नोंद तेवढीच आहे.”

“ती नोंद माझ्या हातची आहे. एकशे ऐंशीला वेग मोजायचं यंत्रच उडून गेलं. पुढचा वारा मी बोट ओलं करून मोजायचा होता का?”

“काका, वादळं तुमच्या लहानपणीही यायची.”

“यायची. वादळांची संख्या वाढली असं मी म्हणतच नाही. समुद्र तापलाय, म्हणून आलेल्या वादळाचा जोर वाढतोय.”

“त्यावर तुमच्या शास्त्रज्ञांचंच एकमत नाही.”

“किती वाढतोय, यावर वाद आहे. तो मिटेपर्यंत वारा दाराबाहेर ताटकळत थांबणार आहे?”

“मी नियमाप्रमाणे काम केलंय.”

“आणि नियम केलाय मोडक्या यंत्राप्रमाणे. पुढच्या वादळात लोक आसऱ्याला कुठे जाणार?”

“शाळेत.”

“आणि तुझी आई?”

“शाळेतच. काका, हळू बोला, लोक बघतायत.”

“बघू देत. चाळीस वर्षं हळूच बोललो.”

“आपला नंबर पुकारला. जरा उठा, तुम्ही फाइलवर बसलायत.”

“माहीत आहे मला.”