कपाटातल्या रोपाची नाईट

अगं, सिल्वासात विज्ञान शिकवायचं म्हणजे कपाळाला हात लावून बसायचं, दुसरं काय! परवा सातवीला प्रयोग दिला. मुगाच्या रोपांच्या दोन कुंड्या, एक खिडकीत आणि एक बंद कपाटात. माती सारखी, पाणी सारखं, फरक फक्त उजेडाचा. कपाटातलं रोप पिवळं पडणार, हे तर पुस्तकातच दिलंय.

आठवड्याने तपासणीला साहेब आले. मी ऐटीत कपाट उघडलं, तर दोन्ही रोपं हिरवीगार! साहेब हसले, "मॅडम, म्हणजे झाडाला उजेड लागतच नाही?" आणि शेरा मारला, प्रयोग फसला.

ते गेल्यावर मी वर्गावर ओरडले, "कुंड्यांना हात कोणी लावला?"

धुळ्याकडची वैष्णवी उभी राहिली. "मी, मॅडम. रोज बदलायचे. आज ह्याला डे, उद्या त्याला."

"का गं बाई?"

"एकालाच सारखी नाईट कशी द्यायची? माझ्या पप्पांना सायली गावातल्या कंपनीत नाईट शिफ्टच देतात. कसे पिवळे पडलेत ते, बघा ना."

निष्कर्ष तर तोच होता गं. पण फळ्यावर लिहायला माझा हात उचलेना.